अ‍ॅटॉमिक राइट आहे म्हणतात, पण खरंच आहे का? लिनक्सवर तळापासून तपासायची पद्धत

मे महिन्यात सांगलीत दिवसभर तापतं, संध्याकाळी वळीव येतो आणि वळवाच्या आधी वीज जाते. त्या दिवशी मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीवर राजापुरी हळदीच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशोब) करायचं काम चालू होतं. वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच बसली होती, त्यामुळे सर्व्हर जागच्या जागी बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजींचा फोन आला, "दादा, मशीन चालू झालंय, पण डेटाबेस उठंना झालाय. शेतकरी पट्टीसाठी बसल्यात."

लॉगमध्ये एकच तक्रार होती: एका पानाचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन सगळी माहिती १६ केबीच्या पानांत ठेवतं. पानाच्या सुरुवातीला, १६व्या बाइटपासून पुढचे आठ बाइट, एलएसएन नावाचा क्रमांक असतो. पानात शेवटचा बदल कोणता झाला, त्याची ती खूण. त्याच क्रमांकाचे खालचे चार बाइट पानाच्या अगदी शेवटी पुन्हा लिहिलेले असतात. पान धड असेल तर दोन्ही जुळतात. मी ते पान हेक्सडंपमध्ये उघडलं. वरचा क्रमांक पुढचा होता, तळाचा मागचा. पहिले ४ केबी नवे, उरलेले १२ केबी जुने. खतावणीच्या एकाच पानावर वरच्या ओळी आजच्या आणि खालची बेरीज कालची, असा तो प्रकार होता.

असं होऊ नये म्हणून इनोडीबी प्रत्येक पान आधी डबलराइट नावाच्या जागेत लिहितं आणि मग मूळ जागी. मूळ जागी लिहिताना पान फाटलं, तर डबलराइटमधली धड प्रत उचलून दुरुस्त करता येतं. त्या पेढीच्या मशीनवर डबलराइट बंद होतं. बसवून देणाऱ्यानं सांगितलं होतं की नव्या एसएसडीला अ‍ॅटॉमिक राइट असतं, म्हणजे लेखन अर्धवट राहत नाही, त्यामुळे डबलराइटची गरज नाही, बंद केलं की वेग वाढतो. ते वाक्य चुकीचंच असतं असं नाही. पण त्या मशीनवर ते खरं आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं. आम्ही रात्रीचा बॅकअप चढवला आणि दिवसभराच्या पट्ट्या कार्बन प्रतींवरून पुन्हा भरल्या. संध्याकाळ झाली.

त्यानंतर मी ही तपासणी नीट बसवली. कर्नल (लिनक्सचा गाभा), डिस्क, फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणारी व्यवस्था) आणि प्रोग्राम असे चार मजले आहेत. प्रत्येक मजला आपापल्यापुरतं "हो" म्हणतो आणि साखळी तुटते ती दोन मजल्यांच्या मधे. म्हणून खालून वर जायचं, प्रत्येक मजल्याला विचारायचं आणि शेवटी प्लग ओढून बघायचं. कमांड इथे मी फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी अक्षरांत टंकायच्या.

नेमकं काय तपासायचं आहे

अ‍ॅटॉमिक हा शब्द फाइलींच्या बाबतीत दोन अर्थांनी वापरतात. पहिला जुना: नवी फाइल वेगळ्या नावानं लिहा, एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरवा), मग रीनेम करून जुन्याच्या जागी बसवा आणि फोल्डरवरही एफसिंक करा. वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल दिसते किंवा पूर्ण नवी. सेटिंगच्या फाइलीसाठी हे उत्तम आहे, पण ५० जीबीच्या डेटाबेस फाइलीतलं एक पान बदलायला उपयोगाचं नाही.

या लेखात दुसरा अर्थ घेतला आहे. फाइलीच्या मधल्या एका जागी १६ केबी लिहायचे, आणि मधेच वीज गेली तर तिथे पूर्ण जुने १६ केबी तरी सापडले पाहिजेत किंवा पूर्ण नवे. मधलं काही नको.

बरेच जण म्हणतात, "एक्स्ट४ला जर्नल आहे की." एक्स्ट४ ही लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम, आणि जर्नल म्हणजे तिची कीर्द. आधी कीर्दीत नोंद, मग खतावणी. पण एक्स्ट४ नेहमीच्या पद्धतीनं चालतं तेव्हा ते कीर्दीत फक्त स्वतःचा कारभार लिहितं: कोणती फाइल कुठे आहे, किती मोठी आहे. फाइलीतला मजकूर त्या कीर्दीतून जात नाही. म्हणून वीज गेल्यावर फाइलसिस्टिम स्वच्छ उभी राहते आणि तिच्यातलं डेटाबेसचं पान मात्र फाटलेलं असू शकतं. पेढीवर नेमकं हेच झालं होतं. एफएससीकेला, म्हणजे फाइलसिस्टिम तपासणाऱ्या साधनाला, एकही दोष सापडला नाही.

पहिला मजला: कर्नल

युनेम वजा आर चालवा आणि कर्नलच्या आवृत्तीचा आकडा कागदावर लिहून घ्या. लिनक्स ६.११ मध्ये, म्हणजे सप्टेंबर २०२४ ला, पीराइटव्ही२ या सिस्टिम कॉलसाठी (प्रोग्राम कर्नलला लिहायला सांगतो ती हाक) आरडब्ल्यूएफ-अ‍ॅटॉमिक हा फ्लॅग, म्हणजे हाकेसोबत द्यायची खूण, आला. पण तो थेट ब्लॉक डिव्हाइसपुरता, म्हणजे फाइलसिस्टिमशिवाय कच्च्या डिस्कपुरता, एनव्हीएमई आणि स्कझी या जातींच्या डिस्कसाठी. फाइलींसाठी एक्स्ट४ आणि एक्सएफएस या फाइलसिस्टिममध्ये तो ६.१३ ला आला, जानेवारी २०२५ मध्ये, आणि तेव्हा फक्त एका फाइलसिस्टिम ब्लॉकपुरता (ब्लॉक म्हणजे जागा वाटायचं तिचं माप). एकापेक्षा जास्त ब्लॉक एकदम लिहायची सोय जुलै २०२५ च्या ६.१६ मध्ये आली. बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम ६.१६ पर्यंत हा फ्लॅग घेत नाही.

आता आपल्याकडे काय चालतं ते बघा. डेबियन १२ चा कर्नल ६.१, उबुंटू २४.०४ चा मूळ कर्नल ६.८. दोन्हींवर ही सोय नाही. डेबियन १३ चा कर्नल ६.१२, म्हणजे कच्च्या डिस्कवर चालेल, पण एक्स्ट४ किंवा एक्सएफएसवरच्या फाइलीला नाही. इथे फसायला होतं, कारण डिस्कचे आकडे छान दिसतात आणि माणूस पुढे तपासतच नाही.

दुसरा मजला: डिस्क

कर्नल डिस्कची माहिती दाखवतो त्या सिस-ब्लॉकखाली आपल्या डिस्कच्या नावाचा फोल्डर असतो आणि त्यात क्यू नावाचा फोल्डर. त्यातल्या अ‍ॅटॉमिक-राइट या नावानं सुरू होणाऱ्या फाइली कॅटनं वाचा. त्यातल्या दोन कामाच्या: युनिट-मिन-बाइट्स आणि युनिट-मॅक्स-बाइट्स. फाइलीच दिसल्या नाहीत तर कर्नल जुना आहे. साटा एसएसडी असेल तर शून्य दिसेल. एनव्हीएमई असेल तर बहुतेक वेळा काही ना काही आकडा दिसतो, आणि तो नीट वाचावा लागतो.

आकडा कुठून येतो ते समजून घ्या, म्हणजे वाचता येईल. एनव्हीएमई आयडी-कंट्रोल ही कमांड चालवली की एडब्ल्यूयूएन आणि एडब्ल्यूयूपीएफ अशी दोन नावं दिसतात. दिसायला जुळी, पण अर्थात जमीन-अस्मानाचं अंतर. पहिलं सांगतं की सगळं सुरळीत चालू असताना डिस्क किती मोठं लेखन अखंड ठेवते. दुसऱ्यातलं पीएफ म्हणजे पॉवर फेल, अर्थात वीज गेल्यावरसुद्धा किती. आपल्याला फक्त दुसऱ्याशी कर्तव्य आहे. जाहिरातीच्या माहितीपत्रकात मोठा आकडा दिसला तर तो पहिला नाही ना, हे आधी बघा. एनव्हीएमई आयडी-एनएस चालवल्यावर एनएडब्ल्यूयूपीएफ दिसतो. तो त्या नेमस्पेसपुरता (डिस्कच्या आतल्या एका विभागापुरता) असतो आणि डिस्कनं तो वैध आहे असं सांगितलं असेल तर कर्नल तोच धरतो.

हे आकडे शून्यापासून मोजतात आणि लॉजिकल ब्लॉकच्या (डिस्क ज्या तुकड्यांत जागा मोजते त्यांच्या) हिशोबात असतात. ब्लॉक ५१२ बाइटचा असेल तर ० म्हणजे ५१२ बाइट, ७ म्हणजे ४ केबी, ३१ म्हणजे १६ केबी. पेढीच्या डिस्कवर एडब्ल्यूयूपीएफ शून्य होता. म्हणजे ती डिस्क वीज गेल्यावर फक्त ५१२ बाइटची हमी देत होती, आणि आपण तिच्या भरवशावर १६ केबीचं पान सोडलं होतं.

काही डिस्कवर लॉजिकल ब्लॉक ४०९६ चा करता येतो. मग तोच शून्य ४ केबीचा होतो. पण त्यासाठी एनव्हीएमई फॉरमॅट करावं लागतं आणि डिस्कवरचं सगळं जातं. रिकाम्या डिस्कवरच करा.

पार्टिशनकडेही एक नजर टाका. पार्टिशनची सुरुवात अ‍ॅटॉमिक मापाला धरून नसेल, तर कर्नल त्या पार्टिशनवर ही सोय नाकारू शकतो. हल्लीची साधनं २०४८व्या सेक्टरपासून, म्हणजे १ एमबीवर सुरुवात करतात, त्यामुळे अडचण येत नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून आणलेलं, ६३व्या सेक्टरला सुरू होणारं पार्टिशन असेल तर ते आधी नीट करा.

योग्य डिस्क हाताशी नसेल तर

कॉलेजातल्या मुलांकडे अशी डिस्क नसते, आणि शिकण्यासाठी ती लागतही नाही. कर्नलमध्ये स्कझी-डीबग नावाचं मॉड्यूल आहे. मॉडप्रोबनं ते चढवताना अ‍ॅटॉमिक-डब्ल्यूआर बरोबर १ आणि डेव्ह-साइझ-एमबी बरोबर १०२४ द्या. एक खोटी स्कझी डिस्क तयार होते, तिला अ‍ॅटॉमिक लेखन येतं. एलएसस्कझीत तिचं नाव बघा आणि सिस-ब्लॉकमध्ये तिचे आकडे वाचा.

ही डिस्क रॅममध्ये असते. वीज गेली की डिस्कच जाते. म्हणून तिच्यावर फ्लॅग, नियम आणि चुकांचे निरोप शिकायचे. प्लग ओढायची चाचणी तिच्यावर होत नाही.

तिसरा मजला: फाइलसिस्टिम

इथे तीन वाटा आहेत. आपल्याला १६ केबी हवेत असं धरतो.

एक वाट एक्सएफएस मोठ्या ब्लॉकची. एमकेएफएस-एक्सएफएस चालवताना वजा बी साइझ बरोबर १६के द्या. नेहमीच्या संगणकावर मेमरीचं पान ४ केबीचं असतं, आणि त्यापेक्षा मोठा ब्लॉक माउंट करायला ६.१२ किंवा पुढचा कर्नल लागतो. फाइलींसाठी अ‍ॅटॉमिक हवं म्हणून निदान ६.१३ घ्या. एक ब्लॉक म्हणजेच १६ केबी, त्यामुळे एका ब्लॉकपुरती सोयही पुरते. डिस्क मात्र १६ केबीची हमी देणारी हवी.

दुसरी एक्स्ट४ची. ६.१६ आणि पुढे, एमकेएफएस-एक्स्ट४ ला वजा मोठा ओ बिगअलॉक आणि मोठ्या सी बरोबर १६३८४ द्या. ब्लॉक ४ केबीचाच राहतो, पण जागा १६ केबीच्या गठ्ठ्यानंच दिली जाते. त्यामुळे पान डिस्कवर सलग आणि मापाला धरून बसतं. हीच त्यातली खरी मेख आहे. डिस्कनं कितीही हमी दिली तरी १६ केबी दोन ठिकाणी विखुरले असतील तर ते एका आदेशात लिहिता येत नाहीत. छोट्या फाइली खूप असतील तर बिगअलॉक जागा खातं, म्हणून डेटाबेससाठी वेगळं पार्टिशन ठेवा.

तिसरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: ६.१६ वरचं साधं, ४ केबी ब्लॉकचं एक्सएफएस, रीफ्लिंक (दोन फाइलींना डिस्कवरची तीच जागा वाटून घेऊ देणारी सोय) चालू असलेलं. नव्या एमकेएफएसमध्ये रीफ्लिंक आपोआप चालू असतं. इथे डिस्कला हमी देता येत नसेल तर फाइलसिस्टिम स्वतः ते काम अंगावर घेते. नवा मजकूर डिस्कवर दुसऱ्या जागी लिहायचा, आणि तो पूर्ण झाल्यावर फाइलीचा नकाशा एका जर्नल व्यवहारात नव्या जागेकडे वळवायचा. नकाशा वळला नसेल तर जुनं पान, वळला असेल तर नवं. दिवाणजी नवं पान वेगळ्या कागदावर लिहून काढतात आणि मग वहीत जुन्याच्या जागी शिवतात, तसं. याला वेळ जास्त लागतो आणि फाइल विखुरते, पण साध्या डिस्कवरही हमी मिळते. कमाल माप बदलायचं असेल तर माउंट करताना मॅक्स-अ‍ॅटॉमिक-राइट हा पर्याय आहे.

माउंट झालं की एक रिकामी फाइल करा आणि तिला विचारा. एक्सएफएस-आयओ हे साधन एक्सएफएसप्रॉग्ज पॅकेजमध्ये असतं. नाव एक्सएफएसचं असलं तरी ते एक्स्ट४वरही चालतं. आवृत्ती नवी घ्या, जुनीला अ‍ॅटॉमिक माहीत नाही. त्यात स्टॅटएक्स (फाइलीची माहिती विचारणारी कमांड), वजा आर, वजा एम, आणि मास्क (कोणती माहिती हवी ते सांगणारा आकडा) म्हणून शून्य-एक्स-१००००. उत्तरात अ‍ॅटॉमिक-राइट-युनिट-मिन, युनिट-मॅक्स आणि सेगमेंट्स-मॅक्स या ओळी शोधा. मॅक्स १६३८४ किंवा जास्त हवा. शून्य असेल, किंवा उत्तराच्या मास्कमध्ये तो बिटच नसेल, तर त्या फाइलीला ही सोय नाही. जुना कर्नल या प्रश्नावर चूक दाखवत नाही, नुसता गप्प बसतो. म्हणून मास्क बघायचाच.

६.१६ पासून युनिट-मॅक्स-ऑप्ट अशी आणखी एक ओळ येते. मॅक्स म्हणजे कसंही करून किती जमेल, ऑप्ट म्हणजे वेगानं किती जमेल. ऑप्ट शून्य असेल तर वेगळी मर्यादा नाही. मॅक्स मोठा आणि ऑप्ट लहान दिसला तर वरची मापं डिस्कच्या जिवावर नसून फाइलसिस्टिमच्या कसरतीवर आहेत असं समजा आणि वेग मोजूनच निर्णय घ्या.

लिहून बघा, आणि नाकारतं का तेही बघा

आधी फाइल पूर्ण लिहून भरून घ्या, मग एक्सएफएस-आयओ वजा डी नं उघडा. वजा डी म्हणजे ओ-डायरेक्ट, कर्नलच्या बफरला वगळून थेट डिस्कवर लिहिणं, आणि त्याशिवाय हे चालत नाही. आत पीराइट, वजा मोठा ए, वजा मोठा व्ही १, वजा बी १६के, मग ऑफसेट ० आणि लांबी १६के.

वजा बी विसरू नका. एक्सएफएस-आयओ आपणहून मजकुराचे ४ केबीचे तुकडे करतं. वजा बी दिलं नाही तर ४ केबीची चार वेगळी अ‍ॅटॉमिक लेखनं होतात, सगळी यशस्वी होतात, आणि आपल्याला वाटतं १६ केबी जमलं. उत्तराच्या दुसऱ्या ओळीत १६ केआयबीच्या पुढे "१ ऑप्स" असंच दिसलं पाहिजे. "४ ऑप्स" दिसलं तर चाचणी झालीच नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलानं अर्धा दिवस या चार ऑप्सवर विश्वास ठेवून अहवाल लिहिला होता. चूक त्याची नव्हती, पडद्यावर सगळं यशस्वीच दिसत होतं.

यानंतर मुद्दाम नियम मोडा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते तीच सगळ्यांत बोलकी आहे, कारण जी यंत्रणा चुकीच्या मागणीला नाही म्हणते तिच्या होकाराला किंमत असते. नियम थोडे आहेत: लांबी दोनाच्या घातात हवी, ऑफसेट लांबीनं नि:शेष भागला जायला हवा, लांबी मिन आणि मॅक्सच्या मधे हवी, आणि मजकूर एकाच सलग बफरमध्ये हवा.

तर १२के लिहून बघा. १२ हा दोनाचा घात नाही, म्हणून इनव्हॅलिड आर्ग्युमेंट यायला हवं. मग १६के, पण ऑफसेट ४के: पुन्हा तेच. मॅक्सच्या दुप्पट लांबी द्या: नकार. वजा मोठा व्ही २ करून दोन बफर द्या: नकार. शेवटी वजा डी काढून साध्या बफर्ड पद्धतीनं उघडा आणि तेच लेखन करा: इथेही नकार. यातलं एखादं यशस्वी झालं तर पुढे जाऊ नका. साधनाची आवृत्ती जुनी असेल किंवा फ्लॅग पोचतच नसेल. एसट्रेसखाली (प्रोग्राम कर्नलला काय सांगतो ते दाखवणाऱ्या साधनाखाली) चालवून पीराइटव्ही२ च्या शेवटच्या जागी फ्लॅग दिसतो का बघा. जुन्या एसट्रेसला नाव माहीत नसेल तर तिथे शून्य-एक्स-४० असा आकडा दिसेल.

डिस्कच्या हमीवर चालणार असाल तर ब्लॉकट्रेसही (डिस्ककडे जाणारी मागणी दाखवणारं साधन) लावा. १६ केबीचं लेखन ३२ सेक्टरचं एकच मागणं म्हणून खाली गेलेलं दिसलं पाहिजे.

यानंतर फिओ, डिस्कवर भार टाकून तपासणारं साधन. इंजिन पीव्हीसिंक२, डायरेक्ट १, अ‍ॅटॉमिक १, रँडम राइट, बीएस १६के, व्हेरिफाय सीआरसी३२सी. तासभर चालू द्या. फिओ नवा हवा: जुन्या फिओत अ‍ॅटॉमिक नावाचाच पर्याय वेगळ्या फ्लॅगसाठी होता आणि तो फ्लॅग कर्नलमध्ये कधी आलाच नाही. फिओमधून कळतं की भाराखाली मजकूर बिघडत नाही. वीज गेल्यावर काय होईल, ते फिओ सांगत नाही.

प्लग ओढायची चाचणी

इथपर्यंत आपण सगळ्यांना विचारलं. आता खरं काय ते बघायचं. जुना डेस्कटॉप घ्या, कामाचा घेऊ नका. लॅपटॉप चालत नाही, त्याला बॅटरी असते. सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवा म्हणजे वारंवार वीज तोडून मूळ फाइलसिस्टिम खराब होणार नाही, आणि जिची चाचणी घ्यायची ती डिस्क वेगळी जोडा.

व्हर्च्युअल मशीन मारून ही चाचणी होत नाही, हे ठासून सांगतो. मशीन मेलं तरी खालचा संगणक जिवंत असतो, त्याच्या डिस्कची वीज गेलेली नसते, आणि पोचलेलं लेखन पूर्ण होतं. रीसेटचं बटणही तसंच: प्रोसेसर थांबतो, डिस्कला वीज मिळत राहते. भिंतीतला प्लगच ओढायचा, किंवा बोर्डावरचं बटण बंद करायचं.

लिहिणारा प्रोग्राम छोटा असतो, सीमध्ये शंभरेक ओळी. २ जीबीची फाइल आधी पूर्ण लिहून, एफसिंक करून ठेवायची. मग तिची १६ केबीची पानं धरायची आणि कुठलंही पान निवडून त्यावर लिहीत राहायचं. प्रत्येक पानात ५१२ बाइटचे ३२ कप्पे. प्रत्येक कप्प्यात तीन आकडे बसवायचे: पान क्रमांक, वाढत जाणारा अनुक्रमांक, आणि त्या कप्प्याचा चेकसम. वीज गेल्यावर पान वाचलं की ३२ही कप्प्यांत एकच अनुक्रमांक दिसला पाहिजे. पहिल्या आठांत ९१२०४ आणि उरलेल्या चोविसांत ८८७१७ दिसलं, तर पान ४ केबीवर फाटलं. कुठे फाटलं यावरून दोष कुठल्या मजल्यावर आहे याचाही अंदाज येतो: ४ केबीच्या सीमेवर फाटत असेल तर लेखनाचे तुकडे वर, फाइलसिस्टिमच्या बाजूला होत असण्याची शक्यता जास्त, ५१२ च्या सीमेवर असेल तर आधी डिस्ककडे बघा.

एका वेळी एकच लेखन करू नका. वीस-तीस धागे (थ्रेड) एकदम लिहू द्या, म्हणजे प्लग ओढताना बरीच पानं वाटेत असतील.

प्रत्येक लेखन पूर्ण झालं की त्याचा पान क्रमांक आणि अनुक्रमांक नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाला पाठवा, तिथे फाइलीत साठवा. याचं कारण असं की अ‍ॅटॉमिक आणि टिकाऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरडब्ल्यूएफ-अ‍ॅटॉमिक एवढंच म्हणतो की अर्धवट सापडणार नाही. लेखन डिस्कवर टिकलं असं तो म्हणत नाही, त्यासाठी ओ-डीसिंक (लेखन डिस्कवर टिकल्यावरच पोच देणारा पर्याय) किंवा नंतर एफसिंक लागतं. म्हणून दोन वेळा चाचणी घ्या. ओ-डीसिंक नसताना जुनं पण धड पान सापडलं तर तक्रार नाही. ओ-डीसिंक असताना, दुसऱ्या संगणकावर पोच आलेला अनुक्रमांक डिस्कवर सापडला नाही, तर डिस्क फ्लशबद्दल, म्हणजे मजकूर कायमचा उतरवल्याबद्दल, खोटं बोलते आहे. तो वेगळा आणि जास्त गंभीर दोष.

सुरुवात कशानं करायची? फ्लॅगशिवाय. आधी पान फाटून दाखवा. तोच प्रोग्राम, तीच डिस्क, फ्लॅग काढून. पान १६ केबीचं ठेवून फाटत नसेल तर १ एमबीचं करा. दहा-बारा वेळा प्लग ओढूनही एकही पान फाटलं नाही, तर आपली चाचणीच कमजोर आहे: भार कमी आहे, किंवा डिस्कला आत कपॅसिटर आहेत आणि वीज गेल्यावरही ती हातातलं काम संपवते. फाटणं पकडता येतं हे सिद्ध झाल्याशिवाय "फाटलं नाही" या निकालाला अर्थ नाही.

मग फ्लॅग लावून तेच. प्लग ओढा, दहा सेकंद थांबा, चालू करा, माउंट करा म्हणजे जर्नल आपलं काम करेल, तपासणारा प्रोग्राम चालवा, निकाल वहीत लिहा. हाताला कंटाळा येतो. विश्रामबागेतल्या माझ्या छोट्या खोलीत आम्ही दोघांनी एका रविवारी ३० वेळा केलं, एक जण प्लगजवळ आणि एक जण वहीजवळ.

३० वेळा एकही पान फाटलं नाही तर काय म्हणता येतं? संख्याशास्त्रातला सोपा नियम आहे: शून्य दोष सापडले तर तीनला प्रयोगांच्या संख्येनं भागा. ३० प्रयोगांत शून्य, म्हणजे ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की एका वेळी वीज गेल्यावर दोष दिसण्याची शक्यता साधारण १० टक्क्यांच्या आत आहे. हा आकडा लहान नाही. म्हणून प्लगची चाचणी एकटी पुरेशी नसते. डिस्कचा एडब्ल्यूयूपीएफ, फाइलीचा स्टॅटएक्स, नियम मोडल्यावर मिळालेले नकार आणि प्लग, या चौघांची साक्ष जुळली तरच मी विश्वास ठेवतो. पण उलट बाजूनं एकच फाटलेलं पान पुरतं. ते सापडलं की निकाल लागला.

चौथा मजला: डेटाबेस

खालचे तिन्ही मजले खरे ठरले तरी फ्लॅग पाठवायचं काम प्रोग्रामचं आहे. डेटाबेस तो पाठवतो का, हे त्याच्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये बघा आणि चालू डेटाबेसवर एसट्रेस लावून खात्री करा. फ्लॅग न पाठवता केलेलं १६ केबीचं लेखन नशिबानं अखंड जाईलही, पण तसं वचन कर्नलनं दिलेलं नाही.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपा. त्याची पानं ८ केबीची असतात आणि ते नेहमीच्या वापरात कर्नलच्या बफरमधून लिहितं. हा फ्लॅग फक्त ओ-डायरेक्टवर चालतो. त्यामुळे डिस्क कितीही चांगली असली तरी या फ्लॅगच्या नावावर फुल-पेज-राइट्स (फाटलेल्या पानापासूनचा त्याचा बचाव) बंद करू नका.

पेढीच्या मशीनवर मी डबलराइट चालू केलं, यूपीएसची बॅटरी बदलली आणि डिस्क तीच ठेवली. पट्ट्यांच्या कामाला वेगात फरक जाणवलेला नाही. दुसऱ्या एका ग्राहकाकडे १६ केबीची हमी देणारी डिस्क आहे आणि तिथे सगळ्या साक्षी जुळल्या आहेत. तिथे डेटाबेस सुरू होण्याआधी सिस्टमडी (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करून देणारी व्यवस्था) एक छोटी स्क्रिप्ट चालवतं. ती डेटा फोल्डरमधल्या फाइलीवर स्टॅटएक्स करते आणि युनिट-मॅक्स १६३८४ पेक्षा कमी आला तर डेटाबेस सुरूच होऊ देत नाही. कर्नल मागे नेला, डिस्क बदलली, कुणी डेटा दुसऱ्या पार्टिशनवर हलवला, तर ते पहिल्या सुरुवातीलाच कळतं. स्क्रिप्ट बसवल्यावर मी सिस्टमडीच्या युनिट फाइलीत मुद्दाम एक्स्ट४ची साधी, बिगअलॉक नसलेली जागा दाखवून डेटाबेस सुरू करून पाहिला. सुरू झाला नाही. मग मूळ मार्ग परत घातला.